होऊ घातलेल्या डॉक्टरची रोजनिशी

डॉक्टरांचे अक्षर वाचता येत नाही, ही आपल्याकडची जुनी तक्रार आहे. पण डॉक्टरांनी लिहिलेली पुस्तके मराठी माणूस मोठ्या आवडीने वाचतो, हेही तितकेच खरे. घरात आजारपण आले की ज्याच्या तोंडाकडे आपण डोळे लावून बसतो, त्याच्या मनात त्या वेळी काय चालले होते हे जाणून घेण्याची ओढ त्यामागे असावी. शिवाय डॉक्टरला गोष्टी शोधत हिंडावे लागत नाही. त्या आपल्या पायांनी त्याच्या दारात येतात आणि नंबर लागेपर्यंत बाकावर बसून राहतात.

मला स्वतःला मात्र मुरलेल्या डॉक्टरच्या आठवणींपेक्षा होऊ घातलेल्या डॉक्टरच्या टिपणांचे आकर्षण अधिक. मुरलेल्या डॉक्टरजवळ किस्से असतात, आणि किस्सा सांगून सांगून नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होतो. विद्यार्थ्याचे तसे नसते. कालपरवापर्यंत तो आईने वाढलेले निमूटपणे जेवणारा मुलगा होता. आज त्याच्या पुढ्यात एक प्रेत आहे आणि हातात सुरी आहे. लहानपणी घरात ऐकलेले आत्मा, पाप, पुण्य, परलोक हे शब्द आणि टेबलावरचे ते शरीर यांची गाठ त्याला त्याच दिवशी, तिथेच घालावी लागते. संध्याकाळी वसतिगृहात परतावे तर दारात वर्तमानपत्र पडलेले असते, आणि त्यातल्या बातम्या त्याच्या परीक्षेसाठी थांबत नाहीत. अभ्यास, श्रद्धा आणि बातमी या तीन गोष्टी एकाच डोक्यात एकाच दिवशी कशा नांदतात, हे सांगणारे लेखन म्हणूनच मला मोलाचे वाटते.

आता हा विद्यार्थी मुसलमान असला तर? खरे म्हणजे काही फरक पडू नये. पण वाचक म्हणून आपल्यात पडतो. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातली एक मुलगी वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला लिहिण्याची हौस आहे. वहीत ती रोजचे काही ना काही टिपत असते: तोंडी परीक्षेत झालेली फजिती, रोजाच्या दिवसांत दुपारच्या वॉर्डात आलेली ग्लानी, मेसमधल्या आमटीचा रंग. एकदा ती मला म्हणाली, "काका, पेपरात काही छापून आलं की वर्गातली चांगली चांगली मुलंसुद्धा मला विचारतात, तुमच्यात असं असतं का? मी यकृताचा अभ्यास करून आलेली असते हो, आणि मला साऱ्या जमातीची परीक्षा द्यावी लागते." तिच्या बोलण्यात राग नव्हता, थोडा थकवा होता. पण माझ्यासारख्या पुस्तकांवर लिहिणाऱ्या माणसाला ते वाक्य लागले. कारण 'तुमच्यात असं असतं का' हाच प्रश्न आपण मुसलमान लेखकाच्या पुस्तकालाही विचारतो. पुस्तकात बंड सापडले तर आपण टाळ्या वाजवतो, भक्ती सापडली तर कौतुकाने मान डोलावतो, आणि दोन्ही सापडले नाही तर पुस्तक फिके म्हणून बाजूला ठेवतो. मेसमधल्या आमटीचा रंग कोणी पाहतच नाही.

वास्तविक मराठी वाचकाला ही खोड शोभत नाही. धर्माची गोष्ट रोजच्या जगण्यातून कशी सांगावी, याचा वस्तुपाठ आपल्या घरातच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. धर्मांतरासारखी संसार उभा चिरणारी घटना त्यात आहे. पण लक्ष्मीबाई सिद्धान्त मांडायला बसत नाहीत. सोवळे, पाणी, स्वयंपाक, कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, यांतूनच त्यांच्या मनाचा पालट आपल्याला दिसतो. श्रद्धा बदलते ती चुलीपाशी, हे त्यांनी दाखवून दिले. हीच फूटपट्टी हाती घेऊन मी तीन लेखकांकडे वळतो. तिघेही वैद्यकी शिकलेले, तिघेही मुसलमान घरांत वाढलेले. पण काळ, देश आणि स्वभाव अगदी निराळे.

पहिला मान वयाचा. इब्न सीना 980 साली बुखाऱ्याजवळच्या एका गावी जन्मला आणि 1037 मध्ये हमदान येथे वारला. त्याचा 'कानून' हा वैद्यकग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या विद्यापीठांत कित्येक शतके शिकवला गेला. पण मला इथे त्याच्या आत्मवृत्ताविषयी बोलायचे आहे. जुझजानी नावाच्या शिष्याला त्याने ते सांगितले आणि पुढची हकीकत शिष्याने पुरी केली. अवघ्या काही पानांचे हे आत्मवृत्त. दहाव्या वर्षी कुराण येऊ लागल्याचे तो सांगतो. वडिलांनी त्याला हिशेब शिकायला एका भाजीविक्याकडे धाडले, कारण त्या भाजीविक्याला हिंदी पद्धतीचे गणित येत होते! आपल्याकडचे आकडे बुखाऱ्याच्या मंडईत बसून एका पोराला शिकवले जात होते, हे वाचून कोणाही भारतीय वाचकाला गंमत वाटेल. वैद्यक हे अवघड शास्त्र नव्हेच, असे तो बेधडक सांगतो. सोळाव्या वर्षी आपण रोगी तपासत होतो आणि नावाजलेले वैद्य आपल्यापाशी शिकत होते, असेही सांगतो. आजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे वाचले तर त्याला त्या पोराचा हेवा वाटण्याऐवजी राग येण्याचाच संभव अधिक.

पण याच बढाईखोर मुलाची दोन वाक्ये अशी आहेत की त्यांसाठी सारे माफ करावे. तर्काचे कोडे सुटेना झाले की तो मशिदीत जाई, नमाज पढे आणि वाट मोकळी व्हावी म्हणून प्रार्थना करी. रात्री दिव्याशी वाचताना झोप अनावर झाली की एक प्याला मद्य घेई आणि पुन्हा वाचायला बसे. मशीद आणि मद्याचा प्याला यांच्यामध्ये ना सफाई, ना समर्थन. त्याने फक्त आपली दिनचर्या सांगितली. ॲरिस्टॉटलचे अतिभौतिकीवरचे पुस्तक त्याने चाळीस वेळा वाचले, पाठ झाले, तरी उमगले नाही. मग एके दिवशी अस्रच्या नमाजाच्या सुमारास, पुस्तकांच्या बाजारात, एका दलालाने फाराबीचे छोटे पुस्तक तीन दिरहमला त्याच्या गळ्यात मारले. मालकाला पैशांची निकड होती. ते वाचताच गाठ सुटली. दुसऱ्या दिवशी त्याने आनंदाने गरिबांना दानधर्म केला. पुस्तक कळले म्हणून दान करणारा विद्यार्थी! श्रद्धा आणि विद्या यांची एवढी सहज सोयरीक मी फार थोड्या ठिकाणी वाचली आहे.

घरातल्या वादांविषयीही तो असाच बोलतो. त्याचे वडील आणि भाऊ इस्माइली पंथाच्या प्रचारकांचे ऐकत, आत्मा आणि बुद्धी यांवर घरात चर्चा चाले. मुलगा ऐकत होता, त्याला समजतही होते, पण मन ते स्वीकारत नव्हते. बापाशी भांडण नाही, घर सोडणे नाही. घरोघरीच्या जेवणाच्या पाटावर असे पुष्कळ मतभेद वरणभाताबरोबर गिळले जातात. त्यांना इतिहासात जागा मिळत नाही, ती इथे मिळाली आहे.

उणीव सांगायची तर दोन सांगतो. एक, या वैद्याच्या आत्मवृत्तात रोगी नाहीत. बुखाऱ्याचा सामानी राजा नूह इब्न मन्सूर येतो, पण तोही आपल्याला राजाचे ग्रंथालय दिसावे एवढ्यापुरता. राजाला काय दुखत होते हेसुद्धा कळत नाही. पेट्यांमध्ये रचलेली पुस्तके मात्र स्वच्छ दिसतात. दुसरी उणीव बातमीची. 999 साली सामानी राज्य कोसळले, बुखारा परक्यांच्या हाती गेला. त्याच सुमारास त्याला गाव सोडावे लागले. पण गरज पडली म्हणून निघालो, यापलीकडे तो काही बोलत नाही. एका राज्याचा अंत एका शब्दात! हे मौन सावधपणाचे की दुःखाचे, याचा विचार मी अनेकदा केला आहे. माझ्या मते ते दुःखाचे असावे. स्वतःच्या हुशारीविषयी इतका मोकळा बोलणारा माणूस गाव सुटल्याविषयी गप्प बसतो, तेव्हा तिथे काहीतरी दुखत असते.

दुसऱ्या लेखिका आपल्या देशातल्या. रशीद जहाँ यांचा जन्म 1905 साली अलीगढचा. वडील शेख अब्दुल्ला यांनी मुसलमान मुलींसाठी अलीगढला शाळा काढली होती. घरात शिक्षणाची हवा होती, मुलगी लखनौला शिकली आणि पुढे दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजातून 1929 मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली. 1932 च्या डिसेंबरात लखनौमध्ये 'अंगारे' नावाचे उर्दू पुस्तक निघाले. सज्जाद जहीर, अहमद अली, महमूदुज्जफर आणि रशीद जहाँ असे त्याचे चार लेखक. पुस्तकावर गदारोळ उठला आणि 1933 च्या मार्चमध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने ते जप्त केले. चौघांत बाई एकच. तेव्हा निंदेचा मोठा वाटा कोणाच्या पदरात पडला हे सांगायला नको. 'अंगारेवाली' हे नाव त्यांना कायमचे चिकटले.

गंमत अशी की त्या पुस्तकातले रशीद जहाँचे लेखन आज वाचावे तर त्यात अंगार कमी आणि नाडीपरीक्षा अधिक. 'दिल्ली की सैर' ही तीन-चार पानांची गोष्ट. फरीदाबादची एक बाई नवऱ्याबरोबर आगगाडीने दिल्ली पाहायला जाते. नवऱ्याला फलाटावर मित्र भेटतो. तो बायकोला सामानावर बसवून निघून जातो. बुरख्यातली बाई फलाटावर बसून येणारी-जाणारी माणसे पाहत राहते. नवरा परततो तेव्हा ती म्हणते, मला घरी न्या. झाली दिल्लीची सहल! ही हकीकत ती मोहल्ल्यातल्या बायकांना ऐकवते आहे, आणि तिच्या बोलण्यात जो फणकारा आहे तो कोकणातल्या किंवा देशावरच्या कोणाही मराठी बाईच्या तोंडी शोभेल. सासरच्या गाठोड्यावर राखणीला बसलेल्या किती बायका आपल्या ओळखीच्या आहेत!

'पर्दे के पीछे' ही त्यांची एकांकिका तर दवाखान्याच्या पडद्याआड घडावी तशी आहे. दोन बायका बोलत आहेत. एक सततच्या बाळंतपणांनी पिचून गेली आहे. वय फार नाही, शरीर म्हातारे झाले आहे, आणि नवरा दुसरे लग्न करील ही टांगती तलवार डोक्यावर आहे. इथे लेखिका बाजूला सरते, रोगी बोलू लागतो. तिच्या आधी ही दुखणी साहित्यात आली ती कण्हत. रशीद जहाँने ती त्यांच्या नावानिशी आणली. डॉक्टर जसा विचारतो, कुठे दुखते, कधीपासून, किती मुले, तशीच तिची गोष्ट चालते. 'वो' या पुढच्या गोष्टीत गुप्तरोगाने चेहरा विद्रूप झालेली एक वेश्या तरुण शिक्षिकेला भेटायला येते, रोज एक फूल आणून देते. त्या शिक्षिकेचा संकोच, सहकाऱ्यांची नाके मुरडणे, आणि शेवटी एका क्षुल्लक कारणावरून त्या बाईला बसलेला मार. लेखिका कोणालाही उपदेश करत नाही. किळस आणि करुणा एकाच मनात कशी शेजारी राहते, एवढे दाखवते. वॉर्डात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे ठाऊक असते. कबूल मात्र थोडेच करतात.

पण इब्न सीनात जसा रोगी नाही, तशी रशीद जहाँच्या गोष्टीत ती स्वतः फारशी नाही. लेडी हार्डिंगमधल्या त्या पाच-सहा वर्षांत तिला काय वाटले, पहिले प्रेत पाहून झोप लागली का, ईदला घरी जाता आले का, हे आपल्याला कळत नाही. दवाखाना, चळवळ, पक्षकार्य यांत ती इतकी गुंतली की स्वतःविषयी लिहायला सवड मिळाली नाही. 1952 च्या जुलैमध्ये मॉस्को येथे कर्करोगाने तिचा अंत झाला. वय अवघे 46-47. तिने आपली रोजनिशी लिहिली असती तर, असे मला पुन्हा पुन्हा वाटते.

तिसऱ्या लेखिकेने नेमके तेच केले. इजिप्तच्या नवाल अल सादावी यांचा जन्म 1931 चा. कैरो विद्यापीठातून 1955 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांची 'एका डॉक्टर स्त्रीच्या आठवणी' ही छोटी कादंबरी सेन्सॉरची काटछाट सोसून 1958 मध्ये पुस्तकरूपाने आली. मी ती इंग्रजी भाषांतरातून वाचली. नायिकेला नाव नाही. भाऊ उड्या मारतो आणि आपल्याला केस विंचरून बसावे लागते, या चिडीपासून गोष्ट सुरू होते. मुलगी केस कापून टाकते, आईची चपराक खाते, आणि वैद्यकीला जाते. शवविच्छेदनाच्या खोलीत तिच्यापुढे एका पुरुषाचे उघडे प्रेत येते. ज्या जातीचा धाक घालून घरात तिला दाबले गेले, ती ही अशी, इतकी निरुपद्रवी, टेबलावर पडलेली! हा प्रसंग तिने ज्या थंड आणि खोडकर धिटाईने लिहिला आहे त्याला तोड नाही.

श्रद्धेचे काय? लहानपणी तिला वाटते की मुलींना असे शरीर देणाऱ्या देवाचा मुलींवर राग असला पाहिजे. कॉलेजात ती विज्ञानालाच देव करते. मग रोग्याच्या उशाशी बसल्यावर तो देवही थिटा पडतो. पोथी फेकली, प्रयोगशाळा धरली आणि मुक्त झाले, असा सोपा हिशेब ती मांडत नाही, ही या पुस्तकाची खरी श्रीमंती. शेवटी एका गरीब क्षयरोग्याच्या खोलीत जाऊन तिला जे सापडते, त्याला धर्म म्हणा की माणुसकी म्हणा. लेखिकेने त्याला नाव दिलेले नाही, हे बरेच केले.

मात्र माझी फूटपट्टी लावली तर हे पुस्तकही कुठे कुठे तोकडे पडते. नायिकेखेरीज दुसरे कोणी त्यात पुरते जिवंत होत नाही. आई म्हणजे जुनी रूढी, नवरा म्हणजे पुरुषी हुकमत, समाज म्हणजे एक मोठे डोळे वटारणारे तोंड. लक्ष्मीबाईंनी टिळकांचा तऱ्हेवाईकपणा सांगताना त्यांच्यावर जी माया केली, ती इथे कोणाच्या वाट्याला येत नाही. आणि दुसरे असे की बातमी इथेही बाहेरच राहिली. लेखिका विद्यार्थिनी होती त्याच काळात, 1952 च्या जानेवारीत कैरो जळाले. त्याच वर्षी जुलैमध्ये राजा गेला. सुएझच्या काठी ब्रिटिशांशी लढायला विद्यार्थी जात होते. त्यांत तिचा भावी पतीही होता. हे सारे तिने पुष्कळ वर्षांनी, उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात सांगितले. तरुणपणीच्या या पुस्तकाला त्याचा धूरही लागलेला नाही. स्वतःच्या घराशी चाललेले युद्ध एवढे मोठे होते की शहराच्या आगीकडे पाहायला नायिकेला डोळे उरले नाहीत. हेही एक सत्यच; पण अर्धे.

तिघांची बेरीज केली तर काय हाती लागते? इब्न सीनाने आपली श्रद्धा आणि आपला अभ्यास यांची निःसंकोच दिनचर्या दिली, पण रोगी दिला नाही. रशीद जहाँने रोगी दिला, स्वतःला दिले नाही. सादावीने स्वतःला दिले, भोवतालची माणसे पुरती दिली नाहीत. बातमी तिघांनीही उंबऱ्याबाहेर ठेवली. याला तिघांचा दोष म्हणणे मला बरोबर वाटत नाही. बातमीविषयी लिहायला एक प्रकारची निश्चिंती लागते. आपण जे लिहू ते आपलेच मत म्हणून वाचले जाईल, साऱ्या कुळाची साक्ष म्हणून नव्हे, हा भरवसा लागतो. 'अंगारे'च्या चौघांना तो मिळाला नाही. सादावीला तर 1981 मध्ये तुरुंग पाहावा लागला.

हा भरवसा देणे सरकारच्या हाती आहे त्याहून अधिक वाचकाच्या हाती आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडचेच पाहा. हमीद दलवाई यांची 'इंधन' ही कादंबरी 1965 ची. कोकणातले एक गाव, त्यातले हिंदू आणि मुसलमान, त्यांचे लागेबांधे आणि वैर यांचे ते चित्रण आहे. पुढे दलवाईंनी 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले आणि समाजसुधारक म्हणून ते गाजले. ते योग्यच झाले. पण त्यानंतर कादंबरीकार दलवाईंची चर्चा सुधारक दलवाईंच्या सावलीत जाऊन बसली. 'इंधन' हातात घेणारा वाचक त्यात प्रश्नाचे उत्तर शोधतो; गावातली संध्याकाळ, ओळखीच्या माणसाने अचानक परके व्हावे तो क्षण, हे पाहायचे राहून जाते. लेखकाला आपण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले की त्याच्या तोंडून साक्ष निघते, साहित्य निघत नाही.

म्हणून या दिवाळीत माझे मागणे लहानसे आहे. एखाद्या मुसलमान मुलाने किंवा मुलीने वैद्यकीच्या दिवसांविषयी मराठीत लिहिलेले काही आपल्या हाती आले, तर ते पुस्तक म्हणून वाचावे. त्यात नमाज असेल तर तो नमाज असू द्यावा, चुकलेला रोजा असेल तर तो चुकलेला असू द्यावा. दंग्याची बातमी वाचून त्या रात्री त्याला अभ्यास सुचला नसेल, तर त्याच्याकडून खुलासा मागण्याऐवजी आपल्यालाही त्या रात्री झोप लागली होती का, हे आठवून पाहावे. इतके केले तर बातमी आपल्या पायांनी उंबरा ओलांडून पुस्तकात येईल. आणि आमटीचा रंग पाहायला विसरू नये. थोर लेखन पुष्कळदा तिथेच सुरू होते. 'स्मृतिचित्रे' नाही का चुलीपाशी सुरू झाली!